टायरला लावलेली हळद

"वैनी, माझ्या गाडीच्या टायरांना एकादशी धरली तर चालंल काय? आमच्या घरात आज सगळ्यांचा उपास हाय."

त्या सकाळचा हा पहिला फोन. दसऱ्याचा दुसरा दिवस, आठ वाजून तीन मिनिटं. मी सांगितलं, की टायरला पंधरा दिवसांतून एकदाच जेवण लागतं, म्हणजे त्याचा उपास तुमच्यापेक्षा कडकच आहे, त्याला आणखी छळू नका. स्टुडिओच्या काचेपलीकडे आमच्या रेडिओ स्टेशनचा व्यवस्थापक सौरभ किणीकर खुदकन हसला. पाऊण तासात आमच्या दोघांचं कडाक्याचं भांडण होणार होतं, पण तेव्हा तसं काही वाटत नव्हतं.

मी पद्मजा सरनोबत. एकतीस वर्षं कोल्हापुरात आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आठ ते नऊ रेडिओवर गाडीवाल्यांच्या शंका सोडवते. पहिली गाडी नवी घ्यावी की वापरलेली? बॅटरी दहा वर्षं टिकेल असं विकणारा सांगतो, ते खरं मानावं का? पावसात काचेवर वाफ धरते, तिचं काय करावं? सोयरीक जुळवताना लोक जेवढी चौकशी करत नाहीत तेवढी गाडी घेताना करतात, आणि मला ती सगळी आवडते. सगळा जिल्हा मला 'वैनी' म्हणतो. मी फटकळ आहे हेही जिल्ह्याला ठाऊक आहे, तरी फोन काही कमी होत नाहीत.

गेली दोन वर्षं मात्र निम्मे प्रश्न एकाच वस्तूबद्दलचे असायचे, ते म्हणजे सजीव टायर.

हा टायर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी लहान मुलीसारखी हरखून गेले होते. साधं रबर झिजतं, चिरतं, फुटतं आणि संपतं. या टायरच्या रबरात मात्र निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते. एका टायरमध्ये किती जिवाणू? पृथ्वीवर माणसं आहेत त्याच्या कित्येक पट. गाडी चालताना रबराला बारीक भेगा पडतात आणि भेगेतून हवा आत शिरली, की तिथले झोपलेले जिवाणू जागे होतात. साखर खाऊन ते रबरासारखाच एक चिवट धागा विणतात, भेग बुजवतात आणि परत झोपी जातात. चाकाच्या मध्यभागी एक छोटी वाटी असते. तिच्यात पंधरवड्यातून एकदा साखरेचं पाणी घालायचं, बस्स. कंपनीनं त्यासाठी खास बाटली काढली होती. पण कोल्हापूरकरांनी महिन्याभरात शोध लावला, की पातळ केलेली काकवी टायरला जास्त मानवते. खिळा घुसला तरी रात्रीतून जखम भरून यायची.

टायर रोज स्वतःला दुरुस्त करतो, मग तो जाड कशाला बनवायचा? म्हणून कंपनीनं तो पातळ केला. गाडी हलकी झाली आणि एका चार्जिंगमध्ये पंचवीस टक्के जास्त पळायला लागली. मी रेडिओवरून त्याचे इतके गोडवे गायले, की रंकाळ्याजवळच्या इलाही मुजावरनं माझ्याशी बोलणंच सोडलं. इलाहीचं पंक्चरचं दुकान त्याच्या आजोबांपासूनचं. "तुमी माझं दुकान रेडिओवरनं बंद केलंसा, वैनी," एवढं तो दोन वर्षांपूर्वी म्हणाला, ते शेवटचं. मला वाईट वाटलं, पण चांगल्या वस्तूला मी वाईट कशी म्हणणार?

माझी धाकटी बहीण मृदुला छप्पन्न वर्षांची. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी ती गाडी चालवायला शिकली, आणि तिला मीच शिकवलं. मृदुलाचा स्वभाव असा, की साडीचा रंगसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. "अक्का, तू सांग," हे तिचं पालुपद. गाडी घ्यायची ठरल्यावर तिनं मला दीड वर्ष पिडलं. पांढरी घेऊ की निळी? छतावर काच हवी का? मागची सीट दुमडते का? शेवटी मीच तिला एक निळी छोटी बॅटरीवरची गाडी निवडून दिली, अर्थात सजीव टायरची.

गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी आली. मी सकाळीच तिच्या अंगणात जाऊन पूजा मांडली. झेंडूचा हार, आपट्याची पानं, बॉनेटवर स्वस्तिक. आणि चारही टायरांना हळद. कोरडी हळद काळ्या रबराला चिकटत नाही, म्हणून मी ती शेंगदाण्याच्या तेलात कालवली आणि नवरदेवाला लावतात तशी चोळून चोळून लावली. ही युक्ती मी आठवडाभर आधी कार्यक्रमातही सांगितली होती. "टायर जिवंत आहे ना? मग यंदा दसऱ्याला त्यालाही हळद लावा, तेलात कालवून, हात आखडता न घेता!" लोकांना ती फार आवडली. जिल्हाभर त्या वर्षी टायरांची हळद झाली, फोटो आले, कुणी तर मंगलाष्टकंही म्हटली.

दुसऱ्या दिवशी मृदुला योगवर्गातल्या दोन मैत्रिणींना घेऊन कुणकेश्वरला निघाली. गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा आणि कोकणात जायचं, तेही स्वतः गाडी चालवत. महामार्गावर गाड्या आता आपल्या आपण चालतात, पण घाटात अजून माणसालाच स्टिअरिंग धरावं लागतं. आदल्या संध्याकाळी ती इतकी खूश होती, की तिनं मला तीनदा फोन केला. सकाळी साडेसातला ती निघाली, आणि आठला मी स्टुडिओत बसले.

एकादशीवाल्यानंतर हुपरीहून श्रेणिक मगदूम यांचा फोन आला.

"वैनी, टायरावर डाग पडलाय ओ. पिवळसर, तपकिरी. अंगठ्यानं दाबलं तर मऊ लागतंय. वास बी येतोय, आंबोळीचं पीठ नासल्यावानी."

"हवा किती दाखवते गाडी?"

"हवा बरोबर हाय. पडद्यावर समदं हिरवंगार हाय."

मी म्हटलं, गाडी हलवू नका, कंपनीच्या केंद्रातून माणूस बोलवा. तिसरा फोन पाचगावहून आला. डाग आणि वास दोन्ही तसेच. चौथा इचलकरंजीहून, तोही तसाच. सौरभनं काचेआडून भुवया उंचावल्या.

आठ वाजून वीस मिनिटांनी स्टुडिओतल्या फोनच्या पडद्यावर एक नाव उमटलं आणि मी ते दोनदा वाचलं. इलाही मुजावर.

"वैनी, रेडिओवर घेऊ नगासा, आधी तुमी ऐका," तो घाईनं बोलत होता. मी गाणं लावायची खूण केली. "माझ्या दारात एकानं गाडी आणून लावली. टायर कापून बघितला मी. आतला पापुद्रा सुटलाय, वैनी. कांद्यावानी. वरचा थर निराळा, खालचा निराळा. सपाट रस्त्यावर एखाद दिवस चालंल. पर घाटात ब्रेक दाबून दाबून गरम झाला की साल निघंल आन टायर फुटंल. त्यो नुसता फुटणार न्हाई, उसवणार."

घाटात. त्यानं तो शब्द सहज उच्चारला.

मी मृदुलाला फोन लावला. बंद. अर्थात बंदच असणार. गाडी चालवताना फोन बंद करून पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर, हा नियम मीच तिला घालून दिला होता आणि माझा शब्द मोडायची तिची रीत नव्हती. मैत्रिणींचे नंबर माझ्याकडे नव्हते. सौरभनं गगनबावड्याला पोलिसांना फोन केला. माणूस पाठवतो म्हणाले, पण त्याला पोचायला पाऊण तास लागणार होता. घड्याळात आठ पंचवीस झाले होते. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. मृदुला हळू चालवते, म्हणजे पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान ती घाटमाथ्यावर पोचणार. तिथपर्यंत आमचा रेडिओ ऐकू येतो. घाटाचं पहिलं वळण उतरलं, की नुसती खरखर. आणि मृदुला गाडीत बसली की माझा कार्यक्रम लावल्याशिवाय राहणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे माझ्याकडे वीस मिनिटं होती. पण सांगणार काय? सगळे सजीव टायर खराब, की काहीच? जिल्ह्यात साठ हजार गाड्या, आणि त्यातल्या कितीतरी व्यवस्थित चालत होत्या. कुणाची थांबवायची आणि कुणाची नाही, हे कळल्याशिवाय बोललं तर मृदुलासारखी सरळ बाई समजणार, की अक्का दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे. नव्या कोऱ्या गाडीला काय होणार, असंच तिला वाटणार.

गाणं संपलं. मी माइक उघडला आणि म्हटलं, "आज मीच प्रश्न विचारणार आहे. सजीव टायर असलेल्यांनी आत्ता, लगेच, टायर दाबून बघा आणि फोन करा. मऊ लागला तरी करा, कडक लागला तरी करा. दसऱ्याला काय काय केलंत तेही सांगा."

फोन अक्षरशः कोसळले. कागलच्या शबाना बागवान म्हणाल्या, "माझं टायर एकदम कडक हाय, मॅडम. आम्ही फक्त हार घातला होता, पूजा न्हाई केली." वडणग्याचे एक काका म्हणाले, "हळद लावली, पर पाण्यात कालवून. टायर झकास." मग एक बाई. "आमी तेलात कालवली, तुमी सांगितल्यासारखी. टायर पिचपिच करतोय." लगेच दुसऱ्या बाई. "तेलातच कालवली होती. आमच्या टायराला तर काय बी झालं न्हाई."

मी जवळजवळ किंचाळलेच. "गाडी कुठं असते तुमची?"

"कुठं म्हंजे? तळघरात. पार्किंगला."

"आणि पिचपिचवाल्या ताई, तुमची?"

"अंगणात, उन्हात. दुसरी जागा कुठली आणायची?"

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तेल, हळद आणि ऊन! स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. हळद पाण्यात टाकली तर तळाशी बसते, विरघळत नाही. पण फोडणीत पडली, की क्षणात सगळं तेल पिवळंधमक होतं. तेलातून ती कुठंही शिरते, आणि रबर तर तेल पिऊनच घेतं. कोरडी हळद टायरच्या अंगावरच राहिली असती, पाण्यातली गळून गेली असती. तेलातली मात्र सरळ आत, जिवाणूंच्या वस्तीत पोचली होती.

पण उन्हाचा संबंध काय? कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतले डॉ. निशिकांत देवधर मला ओळखत होते. गाणं लावून मी त्यांना फोन केला आणि तीन शब्द सांगितले.

"अरे देवा," ते म्हणाले. "हळदीतलं पिवळं द्रव्य जंतू मारतं हे तुम्हाला माहीत आहे. पण उन्हात ते शंभर पटींनी जहाल होतं, सरनोबतबाई. ते प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं. तो ऑक्सिजन मग दिसेल त्या पेशीला जाळत सुटतो. ऑक्टोबरचं ऊन, तेलातून आत गेलेली हळद... चार-पाच तासांत सगळी वस्ती मेली असेल. आणि मेलेल्या पेशींतून जे रस सुटतात, त्यांनी थर सुटे होतात. आम्ही या टायरवर बर्फ, मीठ, वाळू, डिझेल, सगळं ओतून बघितलं. हळद कुणाच्या डोक्यातसुद्धा आली नाही."

"मग मी आत्ता रेडिओवर सांगते."

"नाही, नाही. हा अंदाज झाला. दोन दिवस द्या, चाचणी करतो. साठ हजार लोक घाबरतील. आणि चुकलं तर तुमच्यावर शेकेल."

मी फोन ठेवला. सौरभ आत आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा पडला होता. बिचाऱ्याचाही नाइलाज होता. कार्यक्रमाची जाहिरात त्याच कंपनीची.

"वैनी, त्यांचा माणूसच म्हणतोय अंदाज आहे. आपण एवढंच म्हणू, की टायर तपासून घ्या. हळदीचं नाव नको. देवाधर्माची गोष्ट आहे, लोक चिडतील. शिवाय..." तो अडखळला. "शिवाय तेलाचं तुम्हीच सांगितलं होतं. उद्या कार्यक्रम राहणार नाही."

"सौरभ, तो टायर मऊ झालाय आणि माझी बहीण त्याच्यावर बसून घाटाकडे निघालीय."

"तुमच्या बहिणीसाठी सगळ्या जिल्ह्याला..."

"सगळ्या जिल्ह्यालाच मी ते तेल लावायला सांगितलंय!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाहेरचा शिपाई दारात आला. "तू बाजूला हो. नाहीतर गाणं संपल्यावर मला माइकवरून ओढून काढ, आणि सगळ्यांना ते ऐकू दे."

आठ वाजून त्रेचाळीस मिनिटं. सौरभ बाहेर गेला आणि त्यानं गाणं मध्येच तोडून माझा दिवा लाल केला. त्या पोरानं त्या क्षणी जे केलं त्याबद्दल मी त्याचं सगळं माफ केलं आहे.

"मी पद्मजा बोलतेय," मी म्हटलं. "ज्यांनी सजीव टायरला तेलात कालवलेली हळद लावली आणि गाडी उन्हात ठेवली, त्यांचे टायर मेलेत. गाडीचा पडदा हवा ठीक दाखवेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. टायर आतून सुटलाय. गाडी जिथं असेल तिथं सावकाश बाजूला घ्या. घाट उतरत असाल तर थांबा. कोरडी किंवा पाण्यातली हळद लावली असेल तर घाबरू नका, तरी दाबून बघा. कंपनी अजून याला दुजोरा देत नाही. मी देतेय. कारण तेलाची युक्ती माझी होती. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मी हसत हसत सांगितलं आणि तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवलात."

मी घोटभर पाणी प्यायले. मग एवढंच बोलले. "मृदुला, बाळा, तुझ्या चारही टायरांना मी माझ्या हातानं तेल लावलंय. शेंगदाण्याचं. तुझी गाडी दिवसभर अंगणात होती. थांब. जिथं असशील तिथं थांब."

हेच मी नऊ वाजेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगत राहिले. आमच्या सगळ्या फोनचे दिवे पेटले होते. कुणी शिव्या घातल्या, कुणी रडलं, कुणी आभार मानले. पण त्यांत मृदुलाचा फोन नव्हता.

नऊला खाली आले तर फाटकात इलाहीचा टेम्पो उभा होता. मागे टायर रचलेले, साधे, जाड, जुन्या रबराचे. लोकांनी सजीव टायर बसवले तेव्हा जुने त्याच्या दुकानासमोर टाकून दिले होते.

"बसा," तो म्हणाला. "घाटावर लोक अडकलं असणार. ह्ये समदं चांगलं टायर हाईत, मला टाकवलं न्हाईत."

"इलाही, तू माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी न्हाई. टायरासाठी." मग गिअर टाकत हळूच म्हणाला, "रेडिओवर कबूल करायला दम लागतो, वैनी."

त्या पंचावन्न किलोमीटरांत मी काय काय नवस बोलले ते देवालाच ठाऊक. कळे मागे पडलं, साळवण गेलं. प्रत्येक निळी गाडी मी वळून वळून बघत होते. सतरा गाड्या कडेला उभ्या दिसल्या. लोक खाली वाकून टायर दाबत होते. एकानं ओळखून हात केला. गगनबावड्याच्या अलीकडे माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मला तो उचलवेना. इलाहीनंच एका हातानं उचलून माझ्या कानाला लावला.

"अक्का," मृदुला म्हणाली, "इथं जॅक कमी आहेत. येताना आणशील का?"

मी रडले. टेम्पोत, इलाहीसमोर, मोठ्यानं, अगदी लाज सोडून. इलाही समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला आणि त्यानं उगाचच दोनदा भोंगा वाजवला.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. करूळकडे वळणाऱ्या रस्त्यावर, अगदी मधोमध, माझी बहीण हात पसरून उभी होती. केशरी ओढणी तिनं काठीला बांधून मैत्रिणीच्या हातात दिली होती. पाठीमागे घाटाच्या तोंडाशी आडवी लावलेली निळी गाडी. समोर सव्वीस गाड्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी मागच्यांना थोपवणारा एकटा पोलीस. एक धिप्पाड गृहस्थ तिच्याशी हुज्जत घालत होते, की त्यांना मालवणला जेवायला पोचायचं आहे. जिला साडीचा रंग ठरवता येत नाही ती मृदुला त्यांना म्हणत होती, "आधी सांगा, हळद कशात कालवली होती? तेलात? मग गाडी इथून हलणार नाही. हवं तर माझ्या अंगावरून न्या."

मी धावत गेले. मला वाटलं, आता ती गळ्यात पडेल.

"अक्का, आधी त्या पांढऱ्या गाडीचं बघ, तिच्यात तान्हं बाळ आहे," ती म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

तिची मैत्रीण विदुला पेंढारकर हिनं मला सगळं सांगितलं. आठ सत्तेचाळीसला त्या पहिल्या वळणापासून दोनशे मीटरवर होत्या. रेडिओ मध्येमध्ये खरखरत होता. 'तेल' एवढंच ऐकू आलं आणि मृदुलानं गाडी कडेला घेतली. पडदा सगळं ठीक सांगत होता. मागची मैत्रीण म्हणाली, चल गं, नवी गाडी आहे. मृदुला खाली उतरली, तिनं टायर दाबला आणि अंगठ्याचं नख आत गेलं. तेवढ्यात शेजारून एक गाडी भरधाव घाटात उतरायला निघाली. तेव्हा मृदुलानं कुणालाही काही न विचारता रस्त्यात उडी घेतली. आधी फोन करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण हात रिकामे नव्हते. वाटेत आमच्या टेम्पोला ओलांडून गेलेल्या एकानं मी येतेय असं सांगितलं, तेव्हा तिनं त्याच्याच फोनवरून जॅक मागवले.

दुपारी बारापर्यंत इलाहीनं बत्तीस टायर बदलले. मी जॅक लावत होते, नट सोडवत होते. निवृत्तीनंतर इतकी मजा मला आली नव्हती. बाळाची आई इलाहीला दंडवत घालायला निघाली, तेव्हा तो लाजून टेम्पोमागे लपला. साडेबाराला देवधरांचा फोन आला. त्यांनी सकाळीच एका टायरला हळद-तेल लावून दिव्याखाली ठेवला होता आणि तीन तासांत जिवाणूंची हालचाल निम्म्यावर आली होती. कंपनीनं गाड्या थांबवण्याची सूचना काढली होती. त्या दिवशी जिल्ह्यात तीन टायर उसवले. तिन्ही सपाट रस्त्यावर, आणि माणूस एकही दगावला नाही.

मी हात पुसले. मृदुलाच्या निळ्या गाडीला आता चार जुने, किंचित मोठे टायर बसले होते आणि ती थोडी बेंगरूळ दिसत होती.

"चल, चावी दे," मी म्हटलं. "मी नेते गाडी परत कोल्हापूरला. तू दमलीस."

"मी कुणकेश्वरला निघालेय, अक्का," मृदुला म्हणाली. "कुणकेश्वरलाच जाणार."

"आज? एवढं झाल्यावर? आणि हे जुने टायर घेऊन घाट उतरणार?"

"टायर इलाहीभाईंनी बघितलेत. नंतर मी प्रत्येक नट बघितलाय. तुला बघायचा असेल तर बघ."

मी वाकून बघितलं. चारही टायर बघितले, नट बघितले, हवा बघितली. सगळं बरोबर होतं. चूक काढायला काही सापडेना, आणि खरं सांगते, मी शोधली. मी उठून उभी राहिले तेव्हा मृदुला स्टिअरिंगवर बसली होती आणि विदुला तिच्या शेजारी पट्टा लावत होती.

"यायचं असेल तर ये," मृदुला म्हणाली. "मागे बस. पण घाट संपेपर्यंत बोलू नकोस."

इलाहीनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. मी मागे, दुसऱ्या मैत्रिणीशेजारी बसले. गाडी निघाली, रेडिओची खरखर सुरू झाली आणि मृदुलानं तो बंद केला. पहिलं वळण आलं. माझ्या तोंडात 'वेग' हा शब्द आला होता. तिनं त्याआधीच वेग कमी केला होता. तिनं भोंगा दिला, चढणाऱ्या ट्रकला जागा सोडली आणि वळण अलगद घेतलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला मी दारावरची मूठ सोडली.

घाट संपला तेव्हा मी म्हटलं, "आता बोलू का?"

"बोल."

"मृदुला, मला नवी गाडी घ्यायची आहे. कुठली घेऊ?"

आरशात तिचे डोळे मोठे झाले. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.